जुन्या कोऱ्या कॅसेटींचा कस कसा पाहावा

जुन्या कोऱ्या कॅसेटींची तुलना करताना बहुतेक जण आधी वेष्टनावरचा वर्ग पाहतात: टाइप १ म्हणजे साधी, टाइप २ म्हणजे चांगली आणि मेटल म्हणजे सर्वोत्तम. या कॅसेटी नव्या विकल्या जात होत्या तेव्हाही हे समीकरण अर्धेच खरे होते. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या कॅसेटीच्या बाबतीत तर ते फारसे कामाचे उरत नाही. वर्गावरून चुंबकीय लेपाचा प्रकार तेवढा कळतो. कवच कसे जुळवले आहे, आतले रोलर फिरतात का, दाबगादी शाबूत आहे का, फीत किती पातळ आहे आणि इतकी वर्षे ती कुठे ठेवली होती, यांबद्दल वर्ग काहीच सांगत नाही, आणि जुनी कॅसेट दगा देते ती बहुधा याच ठिकाणी. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा: आधी यंत्रणा, मग फीत आणि सर्वांत शेवटी आवाज.

तरीही वर्ग समजून घ्यावाच लागतो, कारण वेगवेगळ्या वर्गांच्या कॅसेटी एकाच मोजपट्टीने मोजल्या तर निष्कर्ष चुकतो. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटीतली फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या संथ वेगाने सरकते. एवढ्या अरुंद पट्टीवर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवायचे असल्यामुळे लेपातला बारीकसा दोषही ऐकू येतो. टाइप १ मध्ये लोहाचा ऑक्साइड असतो. टाइप २ मध्ये क्रोमियम डायऑक्साइड असतो किंवा कोबाल्टचा संस्कार केलेला लोहाचा ऑक्साइड. टीडीकेने १९७५ मध्ये आणलेली एसए ही या दुसऱ्या प्रकारातली गाजलेली कॅसेट; बीएएसएफने मात्र अस्सल क्रोमचा आग्रह पुढेही बराच काळ धरला. टाइप ४ म्हणजे मेटल, ज्यात ऑक्साइडऐवजी शुद्ध धातूचे कण असतात. ही १९७९ च्या सुमारास बाजारात रुळली. टाइप ३, म्हणजे लोह आणि क्रोम यांचे दोन थर असलेली फेरिक्रोम, अल्पायुषी ठरली; आज ती हाती लागलीच तर संग्राहकाची वस्तू म्हणून ठेवावी.

वर्ग ओळखण्यासाठी छापील नावापेक्षा कवचाच्या मागच्या कडेवरच्या खाचा पाहाव्यात. टाइप २ ला रेकॉर्डिंग रोखणाऱ्या पाकळीच्या शेजारी एक जादा खाच असते आणि मेटलला त्याशिवाय कडेच्या मध्यभागी आणखी खाचा असतात. डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारे आणि भरणारे यंत्र, या खाचांवरूनच बायस, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिसळला जाणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह, किती ठेवायचा हे ठरवतो. टाइप १ च्या तुलनेत टाइप २ ला सुमारे दीडपट बायस लागतो आणि मेटलला त्याहूनही बराच अधिक. ज्या डेकवर मेटलची सोय नाही त्यावर मेटल कॅसेट नीट भरली जात नाही आणि पूर्ण पुसलीही जात नाही. त्यामुळे डेकची क्षमता न पाहता मेटलवर पैसे घालवणे व्यर्थ आहे.

टिकाऊपणाच्या दृष्टीने वर्गापेक्षा फितीची जाडी मला अधिक महत्त्वाची वाटते. साठ मिनिटांच्या कॅसेटीतली फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, नव्वद मिनिटांची सुमारे १२ आणि एकशेवीस मिनिटांची जेमतेम ९. कवच तेवढेच असल्यामुळे जास्त वेळ बसवायचा तर फीत पातळ करण्यावाचून गत्यंतर नसते. पातळ फीत ताणली जाते, तिच्या कडा दुमडतात, पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून पुढे सरकवणारा डेकमधला रबरी रोलर, थोडा चिकट झाला तरी ती त्याभोवती गुंडाळली जाते, आणि रिळावरच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटण्याचा दोषही तिच्यात जास्त आढळतो. जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणासाठी साठ मिनिटांची कॅसेट घ्यावी, नव्वदची चालवून घ्यावी आणि एकशेवीसची, ती कोणत्याही कंपनीची आणि कोणत्याही वर्गाची असो, बाजूला ठेवावी.

डेकमध्ये घालण्यापूर्वी

कॅसेट हातात घेऊन हलकेच हलवा. थोडा खुळखुळाट स्वाभाविक आहे, पण कण आपटल्यासारखा आवाज आला तर आत काहीतरी तुटलेले आहे. कवच सपाट काचेवर ठेवून कोपऱ्यांवर दाब द्या. ते डुगडुगत असेल तर ते उष्णतेने वाकले आहे आणि फीत हेडसमोरून, म्हणजे आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागासमोरून, सरळ जाणार नाही. त्यानंतर खिडकीतून फितीचा वेढा प्रकाशात पाहा. चांगल्या वेढ्याचा पृष्ठभाग सपाट असतो. त्यात एखादी कडा वर आलेली दिसली, आऱ्यांसारख्या रेषा किंवा लहरी दिसल्या, तर फीत कधीतरी असमान ताणाने गुंडाळली गेली आहे. वेढ्यावर पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखी पूड दिसली तर ती बुरशी समजावी आणि अशी कॅसेट डेकमध्ये घालूच नये, कारण तिचे कण डेकमधून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जातात.

आता उघड्या कडेकडे वळा, कारण सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते. मधोमध पातळ धातूच्या पट्टीवर नमद्याची चिमुकली गादी बसवलेली असते. फितीला हेडवर टेकवून ठेवणे हे तिचे काम. टूथपिकच्या टोकाने फीत किंचित बाजूला करून गादी दाबून पाहा. ती दबली पाहिजे आणि सोडताच परत आली पाहिजे. जुन्या कॅसेटींत गोंद वाळून गादी निसटलेली असणे अगदी नेहमीचे आहे. काही कॅसेटींत नमद्याऐवजी स्पंजचा तुकडा वापरलेला असतो; तो कालांतराने भुगा होतो किंवा चिकट बनतो, आणि अशी कॅसेट लेप कितीही चांगला असला तरी तशीच वापरण्यालायक राहत नाही. गादी निसटलेल्या कॅसेटीत उच्च स्वर क्षणोक्षणी कमी-जास्त होतात, आणि ऐकणारा दोष फितीला देतो.

दोन्ही कोपऱ्यांतले रोलरही पाहावेत. दर्जेदार कॅसेटीत ते धातूच्या बारीक कण्यावर मोकळे फिरतात. स्वस्त कॅसेटीत कणाही प्लास्टिकचा असतो, आणि अगदीच हलक्या मालात रोलरच नसून नुसता खुंट असतो ज्यावरून फीत घासत जाते. नामांकित ब्रँडच्या वेष्टनात असा खुंट दिसला, छपाई पुसट असली आणि कवच हाताला अवास्तव हलके लागले, तर माल नकली असल्याचा दाट संशय घ्यावा. शेवटी षट्कोनी पेन्सिल रिळाच्या दातांत अडकवून दोन्ही दिशांना काही वेढे फिरवा. फिरण्याला एकसारखा, हलका विरोध असावा. मध्येच अडकल्यासारखे झाले तर आतले घसरपत्रे, म्हणजे रीळ आणि कवच यांच्यामधले ग्रॅफाइट लावलेले पातळ पत्रे, सुरकुतलेले असण्याची शक्यता असते.

पाच स्क्रूंनी जोडलेले कवच आणि वितळवून कायमचे सांधलेले कवच यांत टिकाऊपणाच्या हिशेबाने मी स्क्रूचे पसंत करतो. सांधलेले कवच मुळात कमकुवत नसते, कित्येकदा ते अधिक घट्टही असते. पण गादी पडली किंवा सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड सुटला तर स्क्रूचे कवच पाच मिनिटांत उघडता येते आणि सांधलेले फोडावे लागते.

मोहोरबंद वेष्टनावर फार विसंबू नये. वेष्टन धुळीपासून आणि वापरापासून वाचवते, उष्णतेपासून वाचवत नाही. गादीचा गोंद बंद डबीतही वाळतो. उलट एकदाच भरून थंड, कोरड्या कपाटात ठेवलेली कॅसेट पुष्कळदा अधिक भरवशाची निघते. स्टुडिओतली जुनी रिळे हाताळलेल्यांना दोन भीती असतात: अ‍ॅसिटेटच्या फितीला येणारा व्हिनेगरसारखा वास आणि बाइंडर, म्हणजे चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारे द्रव्य, ओल शोषून चिकट होणे. कॅसेटीची फीत पॉलिएस्टरची असल्यामुळे पहिली भीती अनाठायी आहे. दुसरा दोष मुख्यतः मागच्या बाजूलाही लेप असलेल्या स्टुडिओच्या रिळांत दिसला. कॅसेटींत तो अपवादाने आढळतो.

डेकवरची परीक्षा

आधी हेड, कॅप्स्टन (फितीला गती देणारा धातूचा बारीक दांडा) आणि पिंच रोलर स्वच्छ करा. धातूच्या भागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात राहिलेला वेढा सैल होऊन नव्याने बसतो. गुंडाळताना आणि वाजवताना कान द्या. किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच फितीला दोष देऊ नका. फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवून पाहा. आवाज गेला तर दोष कवचाचा होता.

लेप सुटतो का हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. प्रत्येक कॅसेट समान वेळ वाजवावी, त्यानंतर हेडवरून कोरी पांढरी काडी फिरवावी आणि त्या काड्या नावे लिहून शेजारी-शेजारी ठेवाव्यात. फिकट तपकिरी छटा चालते. दहा-पंधरा मिनिटांत काडी गडद झाली तर ती कॅसेट हेडचेही नुकसान करते आणि स्वतःही झिजते.

पुढे आवाजाची तुलना. डॉल्बी, म्हणजे फितीचा सततचा सळसळ आवाज कमी करणारी डेकमधली सोय, बंद ठेवून, काहीही न जोडता, थोडा भाग रेकॉर्ड करा आणि तो सर्व कॅसेटींवर एकाच आवाजपातळीवर ऐका. उरलेली सळसळ ही फितीची स्वतःची. इथे एक सावधगिरी हवी: टाइप २ आणि मेटल ७० मायक्रोसेकंदांच्या इक्वलायझेशनवर (वाजवताना उच्च स्वर किती दाबायचे याच्या मांडणीवर) वाजतात आणि टाइप १ ची कॅसेट १२० वर, त्यामुळे वरच्या पट्टीतली सळसळ पहिल्या दोहोंत ४ ते ५ डेसिबलने कमी ऐकू येणारच. तुलना एकाच वर्गातल्या कॅसेटींमध्ये करावी.

मग १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे शुद्ध स्वर डेकच्या मीटरवरील शून्याच्या २० डेसिबल खाली ठेवून काही मिनिटे भरा. पातळी एवढी कमी ठेवण्याचे कारण असे की मोठ्या पातळीवर उच्च स्वरांना कोणतीही फीत लवकर संपृक्त होते, म्हणजे तिची साठवण्याची मर्यादा संपते, आणि मग फितीचा कल कळत नाही. वाजवताना दोन स्वरांच्या पातळ्यांत फरक किती पडतो ते पाहा. १० किलोहर्ट्झचा स्वर वर गेला तर त्या फितीला डेकचा बायस कमी पडतो आहे, खाली गेला तर जास्त होतो आहे. म्हणजे या मोजणीत फितीइतकाच डेकही बोलतो. टाइप २ चा आंतरराष्ट्रीय संदर्भ बीएएसएफच्या क्रोमवर बेतलेला होता, तर अनेक जपानी डेक कारखान्यातच एसएसारख्या कोबाल्टच्या फितीला जुळवलेले असत. त्यामुळे एका डेकवर मंद वाटलेली कॅसेट दुसऱ्यावर उजळ वाटते. बायस बदलण्याची कळ असेल तर प्रत्येक कॅसेटीला तिच्या सोयीचा बायस देऊनच निर्णय घ्यावा. नसेल तर निष्कर्ष ‘माझ्या डेकसाठी’ एवढाच मर्यादित ठेवावा. १ किलोहर्ट्झचा स्वर मुळापेक्षा एक-दोन डेसिबल खाली आला तर तीही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, कारण डॉल्बीचे काम पातळीवरच अवलंबून असते आणि ती घसरली की उच्च स्वर आणखी दबतात.

हाच १० किलोहर्ट्झचा स्वर संगणकात घेऊन त्याचा आलेख पाहिला तर लेपातले खंड, म्हणजे जिथे आवाज क्षणभर तुटतो त्या जागा, खाचांसारखे दिसतात. दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या तपासा. कॅसेटीच्या रचनेत डावी वाहिनी फितीच्या बाहेरच्या कडेला असते आणि उजवी आतल्या बाजूला. म्हणून डावीकडेच खंड दिसत असतील तर कड दुखावलेली आहे, आणि दोन्हीकडे एकाच क्षणी दिसत असतील तर लेप किंवा गादी यांचा दोष आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट या तिन्ही ठिकाणी, दोन्ही बाजूंवर ही चाचणी करावी. अगदी पहिल्या अर्ध्या मिनिटातले खंड मोजू नयेत, कारण रिळाच्या खिळीचा ठसा तिथल्या वेढ्यांवर उमटलेला असतो.

टिकाऊपणा एका बैठकीत मोजता येत नाही, पण त्याचा अंदाज घेता येतो. स्वर भरलेला मिनिटभराचा तुकडा पन्नासएक वेळा पुढे-मागे करून पुन्हा वाजवावा आणि १० किलोहर्ट्झची पातळी आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. चांगली फीत जवळपास जिथल्या तिथे राहते. दोन-तीन डेसिबलची घट किंवा नव्याने दिसू लागलेले खंड म्हणजे लेपाची पकड ढिली झाली आहे. निवडलेल्या कॅसेटी नंतर १८ ते २० अंश सेल्सिअस आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत, उभ्या, स्पीकरच्या चुंबकांपासून दूर ठेवाव्यात आणि अधूनमधून एकदा शेवटपर्यंत वाजवाव्यात.

नापास झालेल्या कॅसेटीही लगेच टाकू नयेत. फीत वाईट पण कवच स्क्रूचे, गादी शाबूत आणि रोलर मोकळे असतील, तर फीत काढून टाकून ते कवच जपून ठेवावे. चांगली फीत पण वाकडे कवच असलेली कॅसेट कधीतरी हाती लागतेच, आणि तेव्हा तेच उपयोगी पडते.