ॲमस्टेल घराण्याचा इतिहास वाचताना या चुका टाळा

ॲमस्टरडॅमजवळच्या माउडरस्लॉट किल्ल्याच्या एका खोलीत उभं राहून मी पुण्याहून आलेल्या मावशींना ठासून सांगितलं होतं, "काउंट फ्लोरिसला डांबून ठेवलं ते इथेच. ह्याच भिंती." मावशींनी भिंतीवर हात ठेवला आणि क्षणभर गप्प झाल्या. पुढे वाचताना कळलं की त्या भिंती फ्लोरिसचा, म्हणजे तेराव्या शतकातल्या हॉलंडच्या सत्ताधीशाचा, खून झाल्यावर सत्तर-ऐंशी वर्षांनी बांधल्या आहेत. मावशींना मी अजून हे सांगितलेलं नाही.

ॲमस्टेलवीन आणि ॲमस्टरडॅमच्या आसपास आता मराठी माणसं बरीच झाली आहेत. पाहुणे आले की आपण सगळेच हौशी गाइड होतो, आणि फ्लोरिसविरुद्धच्या कटात सामील झालेल्या, ॲमस्टेल नदीकाठच्या मध्ययुगीन सरदारांची गोष्ट सांगताना सगळे त्याच त्या खड्ड्यांत पडतो. बहुतेक खड्ड्यांत मी स्वतः पडून झालेलो आहे, म्हणून हे लिहितोय.

ॲमस्टरडॅमपासून सुरुवात करू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. "ॲमस्टरडॅम वसवणारं घराणं" अशी सुरुवात केली की पुढचं सगळं वाकडं जातं. ह्या मंडळींचं मूळ ठाणं होतं आउडरकर्क, नदीकाठचं छोटं गाव. ॲमस्टेलवीनहून सायकलने अर्ध्या तासाच्या आत पोचता. ॲमस्टरडॅम म्हणजे तेव्हा त्यांच्या मुलुखाचं टोक, जिथे नदी मोठ्या पाण्याला मिळते.

त्यातही ते स्वतंत्र राजे नव्हते, आणि सुरुवातीला खानदानी सरदारही नव्हते. ११०५ साली ह्या घराण्यातला वोल्फगेर नावाचा माणूस पहिल्यांदा कागदावर दिसतो, तो उट्रेख्टच्या बिशपचा अंमलदार म्हणून. बिशपच्या वतीने न्यायनिवाडा करायचा, वसुली बघायची. आपल्याकडच्या वाचकाला 'वतनदार' म्हटलं की लगेच कळेल. काम धन्याचं, पण बापाचं काम मुलाकडे आलं, त्याचं नातवाकडे, आणि दोनशे वर्षांत नोकराचा जहागीरदार झाला. घराण्याचा उदय म्हणतात तो हा. कुठली लढाई नाही, कुठला राज्याभिषेक नाही.

पैसा आला तो पायाखालच्या जमिनीतून. हा सगळा प्रदेश पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या, स्पंजासारख्या थरांचा. साधारण अकराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी त्यात समांतर चर खणून पाणी काढायला सुरुवात केली. विमानातून दिसणाऱ्या त्या लांबलचक अरुंद पट्ट्या त्याच चरांच्या. पण पीटमधलं पाणी काढलं की जमीन खचते. आधी धान्य पिकलं, मग जमीन खाली गेली, मग पाणी आत यायला लागलं, मग बंधारे बांधावे लागले. तेराव्या शतकात ॲमस्टेल नदीवर धरण आलं ते ह्या साखळीत, आणि त्या धरणावरून गावाचं नाव पडलं. 'डाम' चौकात फोटो काढताना लोकांना वाटतं, कुठल्या तरी शूर सरदाराने शहराची कोनशिला बसवली असेल. खरं कारण चिखल.

'गाइसब्रेख्त' एकच समजू नका

उच्चारापासूनच गडबड आहे. डच 'ग' घशातून येतो, 'खाइसब्रेख्त'च्या जवळ जाणारा. मराठीत कोणी 'गिजब्रेश्ट' लिहितं, कोणी आणखी काही. शोधताना एक स्पेलिंग टाकून थांबू नका. जुन्या लिखाणात आडनाव 'एम्स्टेल' आणि 'ॲमस्टेल' दोन्ही रूपांत सापडतं.

पण खरी अडचण पुढे आहे. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत त्यांच्याकडेही होती, त्यामुळे गाइसब्रेख्त पहिला, दुसरा, तिसरा, चौथा अशी रांगच लागते. वर त्यांच्या चुलत शाखेतही गाइसब्रेख्त आहेत. मराठीत कुठेतरी वाचलं होतं की "गाइसब्रेख्तचा वाडा १२०४ मध्ये जाळला गेला आणि १२९६ मध्ये त्याने काउंटवर सूड उगवला." माणूस शंभरी पार करून कट करत होता म्हणायचा! १२०४ मध्ये हॉलंडच्या वारसायुद्धात केनेमरलंडच्या (हॉलंडच्या उत्तरेकडच्या किनारी भागातल्या) लोकांनी जाळपोळ केली ती दुसऱ्या गाइसब्रेख्तच्या काळात. १२९६ चा कटवाला तो चौथा.

उपाय सोपा आहे. नाव दिसलं की आधी साल बघा. १२५० च्या दशकापासून शतकाच्या अखेरपर्यंत जो दिसतो तो चौथा, आणि गोष्ट बहुतेक वेळा त्याचीच असते.

पडझड एका रात्रीत झाली असं मानू नका

लोकांना १२९६ चा खून आठवतो, कारण तो नाट्यमय आहे. पण घराण्याचा कणा त्याआधी सोळा वर्षं मोडला होता, आणि त्याचं कारण होतं एक गहाणखत.

ॲमस्टेलचा मुलूख दोन सत्तांच्या मधोमध. एका बाजूला उट्रेख्टचा बिशप, म्हणजे कायदेशीर धनी. दुसऱ्या बाजूला हॉलंडचा काउंट, म्हणजे वाढती ताकद. बिशप यान फान नासाऊ कर्जात बुडालेला. त्याने व्रेलंडचा किल्ला चौथ्या गाइसब्रेख्तकडे गहाण टाकला, आणि माँटफोर्टचा किल्ला शेजारच्या हेर्मान फान वूर्डेनकडे. व्रेलंड फेख्त नदीवर आहे. ज्याच्या हातात तो किल्ला, त्याच्या हातात उट्रेख्टकडे जाणारी होड्यांची वाट. नोकराकडे मालकाच्या दाराची किल्ली आली, असंच म्हणा ना.

मधेच १२७४ मध्ये केनेमरलंडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं. ते ॲमस्टेलच्या हद्दीत येऊन थडकले तेव्हा गाइसब्रेख्तने लढण्याऐवजी त्यांचं पुढारपण पत्करलं आणि त्यांना उट्रेख्टकडे वळवलं. ह्याला धूर्तपणा म्हणा किंवा जीव वाचवणं. मला तर वाटतं, त्या माणसाने आयुष्यभर हेच केलं: ज्याचं वजन जास्त वाटेल त्याच्या बाजूला एक पाय.

बिशपला किल्ले परत हवे होते आणि सोडवायला पैसे नव्हते. तो मदतीला गेला काउंट फ्लोरिस पाचव्याकडे. १२८० मध्ये व्रेलंडला वेढा पडला. आत गाइसब्रेख्तचा भाऊ आर्नाउड लढत होता. गाइसब्रेख्त पकडला गेला आणि पाच वर्षं कैदेत राहिला. १२८५ मध्ये सुटला तो अटींवर. मुलुखाचा मोठा भाग सोडायचा, आणि उरलेला फ्लोरिसचा मांडलिक म्हणून सांभाळायचा. बिशपचा नोकर आता काउंटचा नोकर झाला. वाचताना ह्या १२८५ च्या कराराखाली रेघ ओढा. पुढे जे झालं ते ह्या अपमानाच्या पोटातून आलं.

जाता जाता: २७ ऑक्टोबर १२७५ चा तो प्रसिद्ध कागद, ज्यात ॲमस्टरडॅमचं नाव पहिल्यांदा येतं आणि ज्याच्या आधारे २०२५ मध्ये शहराने ७५० वर्षं साजरी केली, तो ह्या घराण्याने दिलेला नाही. तो फ्लोरिसचा. धरणापाशी राहणाऱ्या लोकांना त्याने आपल्या मुलुखात जकात माफ केली. स्थानिक सरदाराच्या रयतेला बाहेरचा काउंट सवलत देतोय! त्यात फ्लोरिसचा डाव काय असेल हे ओळखायला फार हुशारी नको.

खुनाचं कारण 'बाईवरून' असं सांगून मोकळं होऊ नका

ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकणाऱ्याला आवडणारी. म्हणे फ्लोरिसने गेरार्ड फान फेल्सेनच्या बायकोवर अत्याचार केला आणि फेल्सेनने बदला घेतला. जुन्या गाण्यांत आणि नाटकांत ती रंगवलेली आहे, पण इतिहासकार तिला दंतकथाच मानतात.

ठोस आहे ते राजकारण. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आणि फ्रान्सचा राजा चौथा फिलिप एकमेकांवर टपलेले. फ्लोरिस बरीच वर्षं इंग्लंडच्या बाजूने होता. एडवर्डने इंग्लिश लोकरीचा व्यापार डॉर्डरेख्टहून मेखेलेनला हलवला, आणि १२९६ च्या सुरुवातीला फ्लोरिसने फ्रान्सशी हातमिळवणी केली. मग एडवर्डच्या आशीर्वादाने कट शिजला. त्यात दुखावलेले सरदार सामील झाले: ॲमस्टेल, वूर्डेन आणि वूर्डेनचा जावई फेल्सेन.

इथे आणखी एक बारीक चूक होते. बेत खुनाचा नव्हता, पळवून नेण्याचा होता. २३ जून १२९६ रोजी उट्रेख्टजवळ शिकारीच्या निमित्ताने फ्लोरिसला गाठलं आणि माउडेनच्या किल्ल्यात, म्हणजे माउडरस्लॉटला, आणलं. गंमत म्हणजे हा किल्ला त्याचा स्वतःचाच. बातमी पसरली आणि आसपासचे शेतकरी जमायला लागले, कारण फ्लोरिस त्यांचा लाडका होता. २७ जूनला त्याला बाहेर काढून नेताना वाटेत हा जमाव आडवा आला, आणि फेल्सेनने गोंधळात त्याला भोसकलं. फेल्सेन पकडला गेला आणि लायडेनमध्ये त्याला देहदंड झाला. गाइसब्रेख्त परागंदा झाला. मुलूख गेला.

फ्लोरिसच्या घराण्याचंही काही भलं झालं नाही. मुलगा पहिला यान १२९९ मध्ये वारस न ठेवता वारला आणि हॉलंड हेनोच्या काउंटांकडे गेलं. ॲमस्टेलची जहागीर नव्या काउंटच्या गी नावाच्या भावाला मिळाली, जो पुढे उट्रेख्टचा बिशप झाला. १३१७ मध्ये तो वारल्यावर ती कायमची हॉलंडला जोडली गेली.

नाटक म्हणजे इतिहास नाही

योस्ट फान डेन फोंडेल ह्या कवीचं गाइसब्रेख्तवरचं नाटक ३ जानेवारी १६३८ रोजी ॲमस्टरडॅमच्या नव्या नाट्यगृहात सुरू झालं आणि पुढे १९६८ पर्यंत दर नववर्षाच्या सुमारास होत राहिलं. इतकी वर्षं एखादी गोष्ट रंगमंचावर दिसली की ती लोकांच्या मनात इतिहास होऊन बसते. ऐतिहासिक नाटकं-कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

नाटकात नाताळच्या रात्री शत्रू फसवून शहरात शिरतात, शहर जळतं आणि गाइसब्रेख्त कुटुंबासह निघून जातो. सांगाडा सरळ रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातला, ट्रॉय पडतं त्या प्रसंगाचा. शहर शेवटी हॉलंडकडे परत गेलं हे खरं, पण तो प्रसंग १३०४ च्या आसपासचा आणि त्यातला नायक बाप नव्हे, मुलगा यान. दक्षिणेकडच्या फ्लँडर्सचे लोक हॉलंडवर चाल करून आले होते ती संधी साधून यान परत आला, ॲमस्टरडॅमकरांनी त्याला आत घेतलं, आणि साधारण वर्षभरात त्याला पुन्हा हाकललं गेलं. शहराला तटबंदी आणि पूल पाडण्याची शिक्षा झाली. दगडी कोट असलेलं नाटकातलं वैभवशाली शहरही विसरा. तेव्हाचं ॲमस्टरडॅम लाकडी घरांचं आणि मातीच्या बांधांचं होतं.

नाटकाच्या शेवटी देवदूत येऊन गाइसब्रेख्तला प्रशियात जाऊन नवं हॉलंड वसवायला सांगतो. तिकडे 'प्रशियन हॉलंड' नावाचं गाव खरोखर आहे, आज पोलंडमधलं पासवेंक. १२९७ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि तिथे डच वसाहतवाले गेले होते. साल इतकं नेमकं जुळतं की मोह होतो. मोह आवरा. वसाहतवाले गेले म्हणून सरदारही गेला असं होत नाही.

दगड दिसला की नाव लावू नका

१९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या निउवेझाइट्स कोल्क भागात बांधकामासाठी खोदताना जाड भिंतींचा पाया सापडला. लगेच बोभाटा झाला, ॲमस्टेल सरदारांचा किल्ला मिळाला! नंतर अभ्यासकांमध्ये वाद सुरू झाला, आणि फ्लोरिसनेच सरदाराला हटवल्यावर तो कोट बांधला असावा हे मतही पुढे आलं. पाहुण्यांना सांगायचंच तर दोन्ही बाजू सांगा.

माउडरस्लॉटचं तर वर आलंच. फ्लोरिसचा मूळ किल्ला त्याच्या मृत्यूनंतर लवकरच पाडला गेला. आज दिसतो तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच जागी, त्याच धर्तीवर उभा राहिलेला.

घराणं संपलं असं लिहू नका

थोरली शाखा संपली, पण व्रेलंड लढवणाऱ्या आर्नाउडचा वंश टिकला. त्याचा मुलगा गाइसब्रेख्त (हो, अजून एक!) आयसेलस्टाइनचा सरदार होता. खुनानंतरच्या धरपकडीत तो पकडला गेला तेव्हा त्याची बायको बेर्टा हिने किल्ला महिनोन् महिने लढवला. पुढे ह्या शाखेने पडतं घेऊन जहागीर परत मिळवली आणि गावात चर्च बांधलं. नात गायोटे एग्मोंड घराण्यात दिली गेली. त्याच वंशातली ॲना १५५१ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंजशी (पुढे डच स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी) लग्न करून गेली, आणि जाताना आयसेलस्टाइन बरोबर घेऊन गेली. आजच्या डच राजाच्या लांबलचक बिरुदावलीत 'आयसेलस्टाइनचा बॅरन' आहे तो असा.

मात्र आज कोणाचं आडनाव 'फान ॲमस्टेल' दिसलं म्हणून त्याला सरदाराचा वंशज ठरवू नका. त्याचा अर्थ 'ॲमस्टेलकडचा' इतकाच, जसं आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. इंटरनेटवरच्या वंशावळीत बाराव्या शतकापर्यंत सलग रेघ दिसली तर प्रत्येक पिढीला कागद कुठला, एवढं विचारा. रेघ बहुधा मध्येच तुटते.

चौथ्या गाइसब्रेख्तच्या नावाने ॲमस्टरडॅममध्ये पार्क आहे, नाटक तर आहेच, पण जाऊन उभं राहावं अशी त्याची कबर नाही. आयसेलस्टाइनच्या चर्चमध्ये मात्र त्याचा पुतण्या गाइसब्रेख्त, बेर्टा, त्यांचा मुलगा आणि सून असे चौघं दगडात कोरलेले शेजारी शेजारी पहुडलेत. उट्रेख्टहून ट्राम जाते. पुढच्या वेळी मावशींना तिथेच नेणार आहे.