फुटसालमध्ये वेग वाढवताना या चुका टाळा

फुटसाल म्हणजे पाच-पाच जणींचा, छोट्या कोर्टवरचा फुटबॉल. कोर्ट साधारण 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. त्यात दहा जणी. सरळ लांब धावायला कुणालाच मिळत नाही. चार पावलं सुसाट, कचकन ब्रेक, वळण, पुन्हा चार पावलं. तरी मुलींच्या संघांचा ‘स्पीडचा सराव’ बघा: लांब धावा आणि लॅडर (जमिनीवर अंथरलेली शिडी, तिच्या चौकटींत पावलं टाकायची). लॅडरवर पाय चटचट पडतात, व्हिडिओही झकास येतो, पण समोरचीला चकवायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. वॉर्म-अपमध्ये दोन मिनिटं पुरे.

खरी गोची थांबण्यात असते. जिला नीट थांबता येत नाही ती वळण्याआधी दोन पावलं जास्त घेते आणि आपण तिला ‘स्लो’ म्हणून मोकळे होतो. मोबाइल समोर ठेवा, पाच मीटर धावून एका पायावर वळायला सांगा आणि स्लो-मोशनमध्ये बघा. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत झुकतो? पाऊल टेकताना पाय ताठ असतो का? धड एका बाजूला कलतं का? फुटबॉलमध्ये मुलींना एसीएलची (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा) दुखापत मुलांच्या दोन-तीन पट होते, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागता, अशाच एखाद्या वळणावर. पाऊल टेकल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास लिगामेंट जातं. तेवढ्यात विचार करायला वेळच नसतो, म्हणून ‘गुडघा सांभाळ’ असं बाहेरून ओरडून काही होत नाही. स्नायूंना ती सवय आधीच लागलेली हवी. न्यूरोमस्क्युलर ट्रेनिंग करायचं ते यासाठीच.

गुडघा आत जात असेल तर वेग कमी करा. थांबताना शेवटची पावलं छोटी, कंबर खाली. जोडीला एका पायाचं स्क्वॉट आणि साइड प्लँक. बॉक्सवरून उडी मारून उतरताना ‘धप्प’ आवाज आला तर उंची वाढवू नका, उलट कमी करा.

दुसरी चूक वेळेची. हे सगळं सेशनच्या शेवटी, पाय भरून आल्यावर उरकलं जातं. वॉर्म-अप झाला की लगेच घ्या. 10 मीटरच्या जोरदार धावेनंतर मिनिटभर थांबू द्या. मुली नुसत्या उभ्या दिसतात म्हणून कोचचा जीव खालीवर होतो, पण विश्रांती कापली की तो वेगाचा नाही, दमसासाचा सराव होतो.

कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडून त्यांच्यामधून पळण्याचा टाइम सुधारला, मॅचमध्ये मात्र फरक नाही? साहजिक आहे. कोन हलत नाहीत, वळण आधीच ठरलेलं असतं. समोर जोडीदार उभी करा. ती जिकडे जाईल तिकडे हिने जायचं. मग त्यात बॉल आणा.

‘फिफा 11+’ (दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा वॉर्म-अप कार्यक्रम) करणारे संघही वेळ नाही म्हणून मधला ताकद आणि तोल यांचा भाग गाळतात आणि नुसतं धावणं ठेवतात. नेमका तोच भाग सोडायचा नसतो. पूर्ण कार्यक्रम 20 मिनिटांचा आहे, आठवड्यातून किमान दोनदा करायचा. त्यातलं नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, जोडीदाराने पाय धरलेले असताना हळूहळू पुढे झुकायचं) पहिल्यांदा करताना मोजकेच रेप्स घ्या, मॅचच्या आदल्या दिवशी तर नकोच. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या धरतात की चालणं मुश्किल.

सगळं नीट करूनही एखादीचा वेग घसरतोय, थकवा जात नाही, पाळी दोन-तीन महिने चुकली आहे, तर व्यायाम वाढवू नका. ती पुरेसं खाते का ते विचारा आणि डॉक्टरांकडे पाठवा.