नोंदी आपल्या, ताबा कुणाचा? व्यवसायाचा डेटा सांभाळताना या चुका टाळा

हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं, तेव्हा आमच्या नोंदी नेमक्या किती आमच्या आहेत ते कळलं. करारात साफ लिहिलं होतं, 'डेटाची मालकी ग्राहकाची.' नोंदी फाइलमध्ये उतरवून देणारं एक्स्पोर्टचं बटणही होतं. ते दाबलं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची) फाइल उतरली, डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. ००४५७ क्रमांकाचं बिल नुसतं ४५७ झालेलं. सोळा आकडी खाते क्रमांकांच्या शेवटी सरसकट शून्य. आणि देवनागरीतली नावं म्हणजे कुणी कीबोर्डवर हात आपटल्यासारखी चिन्हांची रांग.

यातला निम्मा दोष एक्सेलचा. संख्येतले पहिले पंधरा आकडेच ते धरून ठेवतं, सुरुवातीची शून्यं गिळतं, आणि यूटीएफ-८ मधली फाइल बऱ्याचदा भलत्याच एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या दुसऱ्याच पद्धतीने वाचतं. असं झालं तर ती खिडकी 'सेव्ह' न करता बंद करा. मूळ फाइल शाबूत असते, सेव्ह केलं की गेली. मग रिकामी शीट उघडून 'डेटा' टॅबमधून ती फाइल आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकांचे सगळे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. तारखांवरही नजर हवी, ०३/०४ मधला महिना कुठला हे एक्सेल आपल्या मनाने ठरवतं.

उरलेला निम्मा दोष मात्र कशानेही दुरुस्त होणारा नव्हता. बिलांचे स्कॅन फाइलीत नव्हतेच. कोणती नोंद कुणी, कधी बदलली हा इतिहासही नव्हता, आणि ऑडिटर आधी तोच मागतो. म्हणून पहिली चूक ही: एक्स्पोर्टचं बटण दिसलं की सुटलो असं मानणं. ते बटण सॉफ्टवेअर घेण्याआधी, चाचणीच्या काळात दाबून पाहावं.

आपल्या माहितीवर आपलाच ताबा असणं, याला डेटा सार्वभौमत्व म्हणतात. शब्द ऐकायला जड आहे. पण धंद्याच्या नोंदींपुरते त्यात चारच प्रश्न येतात. माहिती कुठे आहे, ती सांभाळणाऱ्यावर कुठल्या देशाचा कायदा चालतो, कुलूपबंद माहिती उघडण्याची किल्ली कुणाकडे आहे, आणि उद्या सोडून जायचं म्हटलं तर ती वापरता येईल अशा रूपात हाती येते का. बहुतेक लोक पहिल्याच प्रश्नाचं उत्तर घेऊन थांबतात.

'सर्व्हर आपल्याच देशात आहे' हे ते उत्तर. पण २०१३ साली अमेरिकी तपास यंत्रणेने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे ईमेल मागितले, ते डब्लिनमधल्या सर्व्हरवर होते. कंपनी कोर्टात गेली, २०१६ मध्ये अपिलात जिंकलीही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये क्लाउड ॲक्ट हा अमेरिकी कायदा आला. अमेरिकी कायद्याखाली येणाऱ्या कंपनीच्या ताब्यातली माहिती, ती जगात कुठेही ठेवलेली असो, रीतसर आदेशाने मागता येते असं त्याने ठरवलं आणि खटलाच निकाली निघाला. पुढे जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही याची हमी द्याल का? तशी हमी देता येत नाही, असं त्याने सांगितलं. तेव्हा सेवा घेताना सर्व्हरच्या पत्त्यासोबत कंपनीचा आणि तिच्या मूळ कंपनीचा पत्ताही पाहा.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच होते. कुणीतरी घाबरवतं आणि सगळं एका इमारतीत आणून ठेवलं जातं. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात माहिती युरोपातच ठेवा अशी अट नाही. बाहेर पाठवायची तर संरक्षण तसंच टिकलं पाहिजे, अशी आहे. रशियाच्या कायद्यात २०१५ पासून नागरिकांची वैयक्तिक माहिती देशातल्या डेटाबेसमध्ये ठेवण्याची अट आहे. म्हणजे अट देशागणिक आणि नोंदींच्या प्रकारागणिक बदलते. पगारपत्रकाला जी लागू ती मालाच्या साठ्याला असेलच असं नाही. आधी यादी करा, मग हलवाहलव. एकाच इमारतीत ठेवण्याचं काय होतं ते १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये दिसलं. ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यातल्या काहींची माहिती कायमची गेली. देश एकच ठेवायचा असेल तर ठेवा, पण दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवी.

आता किल्ली. 'सगळं एन्क्रिप्टेड आहे', म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात आहे, या वाक्यावर विक्रेते फार विसंबतात. कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांच्याच खिशात असेल, तर आदेश आल्यावर दार तेच उघडू शकतात. किल्ली स्वतःकडे ठेवण्याची सोय काही ठिकाणी मिळते, पण फुकट नाही: सेवादाराला मजकूर वाचताच येत नसेल तर त्याच्या सर्व्हरवर शोध आणि अहवालही चालत नाहीत, आणि किल्ली हरवली तर माहिती कुणालाच उघडता येत नाही. माझं मत विचाराल तर पगार, करार आणि ग्राहकांची ओळखपत्रं एवढ्यापुरती किल्ली आपल्याकडे ठेवावी. रोजच्या साठ्याच्या नोंदींसाठी हा खटाटोप परवडत नाही.

मुख्य डेटाबेस जपला आणि प्रती विसरलो, असंही होतं. बॅकअप, लॉग (सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं ती वापराची नोंद), सपोर्टला पाठवलेले स्क्रीनशॉट, पीडीएफ जोडायला कुठल्याशा फुकट साइटवर चढवलेलं ताळेबंदाचं पान. परदेशात बसलेला सपोर्टवाला तुमची नोंद नुसती स्क्रीनवर पाहत असला तरी युरोपातले नियामक ती माहिती बाहेर गेली असंच धरतात.

करार वाचताना शेवटून वाचा. सेवा बंद झाल्यावर माहिती किती दिवस मिळेल, कुठल्या रूपात, बॅकअपमधून कधी पुसली जाईल, पुढे कुणाकुणाला काम दिलंय? जीडीपीआरच्या कलम २० वर विसंबू नका. ते व्यक्तीला तिची स्वतःची माहिती नेण्याचा हक्क देतं, कंपनीच्या हिशेबवह्यांचा त्यात विषय नाही. तिथे कामाला येतो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला युरोपचा डेटा ॲक्ट. त्यात सेवादार बदलण्याची सूचना जास्तीत जास्त दोन महिन्यांची ठेवली आहे, आणि बदलाचा काळ संपल्यावर माहिती उतरवून घ्यायला किमान तीस दिवस. युरोपबाहेर असाल तर तेवढंच तुमच्या करारात लिहून मागायला काय हरकत आहे.

आम्ही आता वर्षातून एकदा कवायत करतो. पूर्ण एक्स्पोर्ट घ्यायचा, इंटरनेट बंद केलेल्या मशीनवर चढवायचा आणि तीन वर्षांपूर्वीची कुठलीही दहा बिलं स्कॅनसकट काढून दाखवायची. पहिल्या वेळी सात निघाली. उरलेल्या तीन बिलांचे स्कॅन नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या खासगी ड्राइव्हवर होते, आणि ॲडमिन खातंही त्याच्याच वैयक्तिक ईमेलवर उघडलेलं होतं.