डहाणूच्या पाड्यांवर वारली चित्रं बघायला आणि घ्यायला जाताना

वारली चित्रं काढणारे बहुतेक जण आधी शेतकरी आहेत, त्यामुळे जायची तारीख त्यांच्या भातशेतीकडे बघून ठरवा. जून-जुलैत आवणी (भाताची लावणी) आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणी चालते, तेव्हा दिवसा घरात कोणी सापडत नाही. भर पावसात तर चित्रासाठी शेणाने सारवलेलं कापड वाळत नाही आणि पाड्याच्या वाटेवर घोटाभर चिखल असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. कापणी उरकलेली असते, हवा कोरडी असते आणि माणसांना बोलायला सवड असते.

उतरायचं पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्टेशनला. चर्चगेटहून थेट लोकल आहेत, पण मोजक्याच. विरारला गाडी बदलली तर पर्याय वाढतात. समुद्र आणि चिकूच्या वाड्या पश्चिमेला, चित्रकारांचे पाडे बहुतेक पूर्वेला. स्टेशनवरून एसटी आणि शेअर रिक्षा मिळतात. सर्वाधिक फसगत होते ती गंजाडला जाताना. गंजाड म्हणजे एक सलग वस्ती नाही, दूरदूर विखुरलेल्या पाड्यांचं ते गाव आहे. नुसतं 'गंजाड' म्हणालात तर नाक्यावर उतरावं लागेल आणि पुढे उन्हातून पायपीट. पाड्याचं नाव आणि घराचं आडनाव, दोन्ही सांगा. जिव्या सोमा मशे यांचा कलंबीपाडा इथलाच. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेण्यात त्यांचा वाटा सर्वात मोठा. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच विचारून घ्या, अंधार पडल्यावर आतल्या रस्त्याला वाहन मिळणं कठीण.

आदल्या दिवशी फोन करूनच जा. अंगणात शिरताना 'जोहार' किंवा 'राम राम', मग दादा, ताई, मावशी, बाबा. मराठी बहुतेकांना समजते. सारवलेल्या जमिनीवर चपला घालून जायचं नाही. भिंतीवरच्या चित्राला बोट लावायचं नाही, कारण तांदळाचा रंग वाळला की भुकटीसारखा सुटतो. घरातल्या बायकांचं काम आवर्जून बघायला मागा. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायची चौकट, मुळात सवासिनीच काढतात, पण चित्रं विकायला पुढे येतात ते बहुधा पुरुष. न विचारता गेलात तर बायकांचं काम बघायचंच राहून जाईल.

चौक समजून घेतल्याशिवाय खरेदीकडे वळू नका. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढलेल्या चौकटीत मधोमध पालघाट देवी असते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव, आजूबाजूला सूर्य-चंद्र, शिडी, फणी, बाशिंग. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि विधी चालवते. चालू लग्नात फोटो काढायचा असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा. तारपा नाचाचं चित्र घेणार असाल तर वर्तुळाच्या आत तारपकरी शोधा. दुधी, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते लांब वाद्य हातात घेऊन तो वाजवतो आणि नाचणारे त्याच्या मागोमाग वळतात. काही छापील नकलांमध्ये वर्तुळ असतं, तारपकरीच नसतो.

वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छापील माल हाती काढलेला म्हणून विकला जातोच. ओळखायला तीन गोष्टी पुरेत. बांबूच्या काडीने ओढलेली रेघ सुरुवातीला भरलेली असते आणि रंग संपत येतो तशी बारीक होते. छापील रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. चित्रातली दोन माणसं शेजारी धरून बघा, हुबेहूब सारखी दिसली तर ती छापलेली. आणि चित्र तिरपं धरून उजेडात न्या, हाताच्या कामात पांढरा रंग किंचित उठलेला दिसतो. आता बरेच चित्रकार टिकाऊपणासाठी तांदळाऐवजी ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर वापरतात. ती फसवणूक नाही, पण कोणता रंग आहे ते विचारून घ्या, कारण जपणूक वेगळी पडते. किमतीत घासाघीस करण्यापेक्षा 'किती दिवस लागले?' हे विचारा. वीतभर चित्र दिवसात होतं. बारीक ठिपक्यांनी भरलेल्या तीन-चार फुटी कापडाला कित्येक आठवडे जातात. बजेट कमी असेल तर सरळ लहान चित्र घ्या.

शिकायला बसलात तर रंग स्वतः करा. वाटीभर तांदूळ रात्रभर भिजवा, पाट्यावर गंधासारखे वाटा, फडक्यातून गाळा आणि भिजवलेल्या डिंकाचं चमचाभर पाणी घाला. दाटपणा ताकापेक्षा थोडा जास्त. पातळ झाला तर कापडात पसरतो, घट्ट झाला तर वाळल्यावर भेगा पडून झडतो. ओली रेघ फिकट दिसते आणि वाळली की पांढरी होते, म्हणून लगेच दुसरा हात मारू नका. नवखे इथेच चित्र जाड करून टाकतात. उरलेला रंग दुसऱ्या दिवशी आंबतो, रोज ताजाच करावा लागतो. काडी बांबूची, सहा इंचाची. टोक चावून किंवा ठेचून तंतू मोकळे करायचे.

घरी नेताना तांदळाच्या रंगाच्या कापडाला कधीच घडी घालू नका, घडीवर रंग तुटतो. दोन-तीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून आणि वर बटर पेपर घेऊन सैल गुंडाळा. बारीक नळीवर वाक जास्त पडतो आणि तडे जातात. फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये माउंट घालायला सांगा. तांदूळ म्हणजे स्टार्च, त्याला कसर लागते. शेणाने सारवलेल्या कापडावर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, आतल्या भिंतीवर लावा. ओल्या फडक्याने कधीच पुसू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशने वरच्यावर झटकायची, तीही ठिपके मोकळे झालेले नाहीत हे बघूनच.