बेळगाव भागात रेशन कार्ड: कुणाला मिळतं, कसं काढायचं आणि कुठे अडतं

सीमाभागात रेशन कार्डाचा पहिला घोळ पाहुण्यांच्या सल्ल्याने होतो. कोल्हापूरचे, चंदगडचे, गडहिंग्लजचे पाहुणे सांगतात, केशरी कार्ड काढा, पिवळं कार्ड काढा. ते रंग महाराष्ट्राचे. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी कुठलंही असो, तुम्ही कर्नाटकात राहता म्हणजे नियम कर्नाटकाचे. इथे अंत्योदय, बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) आणि एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) असे तीन प्रकार. सरकारी कागदावर बीपीएलला 'पीएचएच' म्हणजे प्राधान्य कुटुंब आणि एपीएलला 'एनपीएचएच' म्हणजे बिगर-प्राधान्य कुटुंब असं लिहिलेलं असतं. कार्डावर ही अक्षरं दिसली की घाबरू नका, दुसरं कार्ड दिलेलं नाही.

दोन राज्यांच्या उत्पन्नमर्यादाही वेगळ्या. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार धरतात. कर्नाटकात बीपीएलची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार रुपये आहे आणि ती सगळ्या कुटुंबाची मिळून.

बीपीएल कुणाला नाही

उत्पन्न मर्यादेत असलं तरी काही गोष्टींनी कार्ड नाकारलं जातं. घरात सरकारी किंवा निमसरकारी कायम नोकरी असेल, कुणी आयकर, जीएसटी किंवा व्यवसाय कर भरत असेल, ग्रामीण भागात ३ हेक्टरपेक्षा जास्त कोरडवाहू जमीन असेल, शहरात १००० चौरस फुटांपेक्षा मोठं स्वतःचं पक्कं घर असेल किंवा दारात चारचाकी असेल, तर बीपीएल नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेली एक टॅक्सी, मालवाहू गाडी किंवा ट्रॅक्टर याला सूट आहे. पांढऱ्या पाटीच्या कारला नाही, मग ती कितीही जुनी असो.

३ हेक्टर म्हणजे ७ एकर १६ गुंठ्यांच्या आसपास. बागायत जमिनीची मर्यादा याहून कमी पडते. इथे एक गफलत हमखास होते. आजोबांच्या नावचा उतारा फोडलेला नसतो, सगळ्या भावांची नावं एकाच सर्वे नंबरवर असतात आणि तपासणीला आलेल्या माणसाला एकूण क्षेत्रच दिसतं. तुमच्या वाट्याला दीड एकर येत असेल तर वाटणीपत्र किंवा हिस्सा दाखवणारा उतारा आधीच जवळ ठेवा. तोंडी सांगणं टिकत नाही.

आयकराचं कलम सगळ्यात जास्त घरांना भोवतं. पोरगा पुण्याला किंवा बेंगळूरला नोकरीला लागतो, गाडीच्या कर्जासाठी एजंट त्याचं आयकर विवरणपत्र भरून देतो आणि इकडे घरच्या कार्डावर त्याचं नाव तसंच राहतं. आधार आणि पॅन जोडलेले असल्याने संगणकात ते दिसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर अशी कार्डं एपीएलमध्ये टाकली गेली. ओरड झाल्यावर बाकीच्यांची परत मिळाली, पण सरकारी नोकर आणि आयकर भरणारे त्यातून वगळले होते. पोरगा खरोखर वेगळा राहत असेल, त्याची चूल वेगळी असेल, तर त्याचं नाव वेळेत कमी करून घ्या. एकाच घरात राहून नुसतं कागदावर वेगळं दाखवायला जाऊ नका. तपासणीत उघड झालं तर कार्ड जातंच, वर उचललेल्या धान्याची वसुलीही लागू शकते.

अंत्योदय हे सर्वांत गरीब कुटुंबांसाठी: भूमिहीन मजूर, कुणाचा आसरा नसलेल्या विधवा, अपंग, दुर्धर आजारी, साठी उलटलेले निराधार. त्या कार्डावर महिन्याला घरामागे ३५ किलो धान्य मिळतं. घरात माणसं किती याने तो आकडा कमी होत नाही. एकट्या म्हातारीला याचा मोठा आधार असतो.

किती धान्य मिळतं

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने बीपीएलच्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. त्यावर कर्नाटकाची अन्नभाग्य योजना. जुलै २०२३ पासून राज्याच्या जादा ५ किलोऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर येत होते, फेब्रुवारी २०२५ पासून पैशाऐवजी तांदूळच देण्याचं ठरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्या जादा तांदळाच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा संच द्यायचा निर्णय घेतला. आपल्या भागात कधी तांदळाच्या काही वाट्याऐवजी जोंधळाही येतो. म्हणून या महिन्यात काय आणि किती हे दुकानातल्या फलकावर वाचायचं, शेजारच्या गावात काय मिळालं यावर भांडायचं नाही.

एपीएल कार्डावर फुकट काही नाही. इच्छा असेल तर १५ रुपये किलोने थोडा तांदूळ मिळतो. तरी लोक कार्ड सांभाळतात, कारण कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २ हजार रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मिळतात आणि ते एपीएललाही लागू आहेत. दवाखान्यात मात्र फरक मोठा पडतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, तर एपीएलला खर्चाचा थोडाच भाग मिळतो.

आधी दाखला, मग कार्ड

बीपीएल अर्जाचा पाया म्हणजे उत्पन्नाचा दाखला, कन्नडमध्ये 'आदाय प्रमाणपत्र'. तो नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत मिळतो. ग्राम वन किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रांतूनही अर्ज करता येतो. अर्ज तलाठ्याकडे आणि सर्कलकडे (महसूल निरीक्षकाकडे) चौकशीला जातो, मग दाखला निघतो. पावतीवरचा सकाल क्रमांक जपून ठेवा. हा सरकारी सेवा मुदतीत देण्याच्या कर्नाटकाच्या 'सकाल' कायद्याखालचा नंबर. अर्ज अडकला तर त्याच नंबरावर विचारणा करायची. दाखला पाच वर्षं चालतो.

दाखल्यावर 'आरडी' ने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो. रेशन कार्डाच्या अर्जात तोच घालतात आणि संगणक त्या नंबरावरून नाव व उत्पन्न स्वतः ओढून घेतो. म्हणजे दाखल्यावरची चूक जशीच्या तशी कार्डाच्या अर्जात उतरते. केंद्रातला मुलगा ती दुरुस्त करू शकत नाही. दाखला हातात पडला की घरी जायच्या आधी तिथेच उभं राहून नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या कुणाला सोबत न्या. शाळेत शिकणारं पोर चालेल.

आपल्या लोकांचे अर्ज खरे अडतात ते नावावर. आधार इंग्रजीत, दाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत 'डी'ने सुरू करतो, इथल्या कचेरीत ते 'जे'ने सुरू होतं. परशरामचा परशुराम होतो, सुनीताची सुनिता. कुठे आडनाव शेवटी, कुठे आधी, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नात सासरी नाव बदललेल्या बायकांचं तर माहेरचं नाव आधारावर, सासरचं मतदार यादीत आणि तिसरंच बँकेत. नियम एकच ठेवा: आधार हा मूळ कागद माना. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे सगळे कागद आधारावरच्या अक्षरांप्रमाणे काढून घ्या. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक कागद दोनदा काढावा लागतो.

अर्जाला जाताना हे जवळ हवं: घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, बायको किंवा घरातल्या वडील बाईच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला, सहा वर्षांखालच्या पोरांचे जन्मदाखले, आधारला जोडलेला मोबाईल. आधारावर पत्ता कर्नाटकातला, शक्यतो त्याच गावाचा हवा. कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरची सर्वांत वडील बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणून दाखला नवऱ्याच्या नावाने काढून आणला की अर्ज तिथेच थांबतो.

अर्ज कुठे आणि कसा

ग्राम वन, कर्नाटक वन किंवा सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात. खरी अडचण ही की बीपीएलचे नवे अर्ज बाराही महिने घेत नाहीत. अन्न खात्याचं 'आहार' संकेतस्थळ ठराविक दिवसच उघडतं, कधी तर काही तासच. म्हणून तारीख कळल्यावर कागद गोळा करायला निघालात तर उशीर झालेला असतो. कागद तयार ठेवा, केंद्रवाल्याला नंबर देऊन ठेवा आणि शक्यतो सकाळी लवकर जा. दुपारनंतर सर्व्हर बसतो. गंभीर आजार असेल तर वैद्यकीय कारणासाठी तातडीचा अर्ज घेतला जातो. त्यासाठी दवाखान्याचे कागद घेऊन थेट तहसीलदार कचेरीतल्या अन्न शाखेत जावं. शेतमजूर, गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका अशांनी ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी करून ठेवावी. त्या नोंदणीतल्या कामगारांना रेशन कार्ड द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यांना बजावलं होतं आणि कर्नाटकात ई-श्रमधारकांसाठी अर्ज खुले केले गेले होते.

केंद्रात प्रत्येक माणसाचा थंब किंवा ओटीपी घेतात. ज्याचं नाव आधीच दुसऱ्या कार्डावर आहे, मग ते सासऱ्याचं असो की महाराष्ट्रातलं, त्याचा आधार नंबर तिथेच अडतो. एकत्र कार्डातून वेगळं व्हायचं असेल तर आधी नाव कमी, मग नवा अर्ज. हा क्रम चुकवू नका. जुन्या कार्डात किमान एक प्रौढ माणूस उरतो ना, तेही बघा.

अर्जानंतर तलाठी किंवा फूड इन्स्पेक्टर घरी चौकशीला येतो. त्या वेळी घरात कुणीच नसेल, तर अर्ज नाकारायला तेवढं कारण पुरतं. मंजुरीची स्थिती आहार संकेतस्थळावर ई-सेवा विभागात दिसते. तिथे जिल्ह्यांचे गट वेगवेगळ्या दुव्यांवर आहेत, बेळगाव ज्यात आहे तोच उघडा. दुसऱ्या गटात आपला नंबर सापडत नाही आणि लोक समजतात अर्जच गेला नाही.

सून महाराष्ट्रातली, कामगार गोव्यातला

सून पलीकडची असेल तर तिच्या माहेरच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, आधारावर सासरचा पत्ता घालायचा, मग विवाह नोंदणीचा दाखला आणि इथल्या कार्डाची प्रत घेऊन नाव चढवायचं. माहेरची माणसं 'राहू दे की, पाच किलो मिळतंय' म्हणतात, पण तिथलं नाव हटत नाही तोवर इथे चढत नाही. दोन्हीकडे कार्ड ठेवणाऱ्यांची सोयही आधारमुळे संपत आली आहे. २०२५ च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे दुबार नोंदी आधी गोठवल्या जातात.

इचलकरंजी, कोल्हापूर किंवा गोव्यात कामाला असणाऱ्यांना मात्र कार्ड हलवायची गरज नाही. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत जानेवारी २०२० पासून कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्ही राज्यं आहेत. तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्ड नंबर किंवा आधार सांगून थंब द्यायचा. घरचे इथे त्यांचा वाटा आणि तुम्ही तिथे तुमचा, असं विभागूनही उचलता येतं. फक्त परराज्यात केंद्राचे ५ किलोच मिळतात, कर्नाटकाचा जादा वाटा मिळत नाही. चंदगडचा माणूस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असेल तर त्यालाही हाच नियम उलट बाजूने लागू.

कार्ड आल्यावर

प्रत्येक सदस्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, रेशन दुकानात थंब देऊन होतं. त्याला पैसे लागत नाहीत. राहिलेल्या माणसाचा वाटा बंद होऊ शकतो. बोटं झिजलेल्या म्हाताऱ्यांचा, उसात किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्यांचा थंब लागत नाही तेव्हा दुसरी बोटं लावून बघा, हात धुऊन पुसून बघा, तेही नाही जमलं तर ओटीपीचा आग्रह धरा. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देणं हा पक्का उपाय. फक्त वयस्कर माणसंच राहतात अशा घरांसाठी धान्य घरपोच देण्याची 'अन्नसुविधा' योजना आहे, दुकानात विचारा.

सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करायची तरतूद २०२५ मध्ये आली आहे. बंद झाल्यास तीन महिन्यांत ई-केवायसी आणि घरची पडताळणी होते. दवाखान्यासाठी म्हणून बीपीएल कार्ड कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

थंब दिला की यंत्रातून निघालेली पावती घ्या आणि वजन तिच्याशी ताडून बघा. कमी दिलं, नाही दिलं किंवा पैसे मागितले तर १९६७ वर तक्रार करता येते. परराज्यातल्या उचलीची अडचण असेल तर १४४४५. त्याने भागलं नाही तर तहसीलदार कचेरीतली अन्न शाखा, मग बेळगावला जिल्हा अन्न व नागरी पुरवठा कार्यालय आणि कायद्याने नेमलेला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने तक्रार-अर्ज मराठीतही देता येतो आणि भाषेच्या कारणावरून तो परत करता येत नाही. पण लवकर निकाल हवा असेल तर मराठी अर्जाला कन्नड भाषांतराचं एक पान जोडून द्या. हक्क मराठीचा असला, तरी फाइल वाचणारा कारकून बहुतेक वेळा कन्नडच वाचतो.