दोराआधी फावडं

पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी तीननंतर फोन वाजला की बायको आधी माझे गमबूट दाराशी काढून ठेवते आणि मग फोन हातात देते. माथेरानच्या पायथ्याला, मालडुंगे-धोदाणीच्या बाजूला, कुणाची तरी थार नाहीतर जिम्नी रुतलेली असते. कळंबोलीत २६ वर्षं मी क्रेनवर रिगिंगची कामं केली. कॉइल, मशिनं, टाक्या, जे जड असेल ते उचललं. आता धंदा मुलगा बघतो आणि त्याचे मित्र मला "काका, दोर घेऊन या ना" म्हणून बोलावतात. माझी जिप्सी जेमतेम टनभराची. ती पावणेदोन टनाची थार बाहेर काढते याचं पोरांना भारी कौतुक. ती करामत कायनेटिक दोराची आहे. तोच दोर माणूस मारू शकतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

हा दोर नायलॉनचा असतो आणि ताण पडला की लांबतो, जातीप्रमाणे २० ते ३० टक्के. म्हणजे ९ मीटरचा दोर जोरात ओढला की ११ मीटरच्या आसपास जातो. पुढची गाडी धावत निघते, तिचा जोर दोरात साठतो आणि मग दोर आखडताना रुतलेल्या गाडीला खेचून घेतो. थोडक्यात, ही दोन गाड्यांमध्ये बांधलेली गलोल आहे. पट्ट्यासारखा चपटा मिळतो तो स्नॅच स्ट्रॅप. काम तेच, फक्त लांबतो थोडा कमी.

क्रेनचा पिवळा ३ टनी किंवा लाल ५ टनी बेल्ट घेऊन येणारे बरेच भेटतात. "काका, हा तर तुमच्याच लाइनमधला!" लाइन माझी, पण तो बेल्ट पॉलिस्टरचा. उचलताना माल हेलकावू नये म्हणून तो मुद्दाम कमी ताणणारा बनवतात. त्याने झटका दिलात तर सगळा धक्का थेट चॅसीला बसतो. साखळी आणि वायर रोपचं तर नावही काढू नका.

चार वर्षांपूर्वी नेऱ्याच्या पुढे एक शहरी एसयूव्ही अडकली होती. बंपरमधलं झाकण काढून आटे फिरवून बसवायचा हुक असतो ना, त्यालाच मालकाने माझा दोर लावला. मी उतरून बघितलं नाही, चूक माझी. दुसऱ्या झटक्याला हुक आट्यांपासून तुटला आणि आखडणाऱ्या दोराबरोबर माझ्या मागे आला. जिप्सीचं ताडपत्रीचं हूड फाडून मागच्या सीटच्या लोखंडी फ्रेमवर आदळला. माझ्या डोक्यापासून हात-दीड हात. फ्रेमला पडलेला खड्डा अजून आहे, बुजवून घेतलेला नाही.

दोर तुटला तर चाबकासारखा बसतो, पण जीव घेतं ते त्याच्या टोकाचं लोखंड. म्हणून पहिली तपासणी टोकांची. आट्यांचा हुक सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढण्यापुरता असतो, झटक्यासाठी नाही. ट्रेलर ओढायचा गोळा तर अजिबात नाही. तो तुटून माणसं गेलेली आहेत. ट्रकवर चढवताना गाडी बांधायच्या कड्या, बुलगार्ड, ॲक्सल, स्टिअरिंगचे रॉड, हे सगळं वर्ज्य. चॅसीला जाड बोल्टांनी बसवलेला रिकव्हरी हुक हवा, दोन्ही गाड्यांना. तो नसेल तर दोर बाहेरच काढू नका, ट्रॅक्टर बोलवा आणि सावकाश, न झटकता ओढून घ्या.

आता आकड्यांचा घोळ. शॅकल म्हणजे दोर हुकाला जोडायची पिनवाली लोखंडी कडी. तिच्यावर ४.७५ टन लिहिलेलं असतं, ते रोज सुरक्षितपणे पेलायचं वजन. ते तुटतं त्याच्या पाच-सहापट भाराला. दोराच्या लेबलवर मात्र बहुधा तुटण्याचाच आकडा छापलेला असतो. पोरं दोन्ही आकडे शेजारी ठेवून "दोर ८ टनी आणि शॅकल ४.७५, मग शॅकल कमी पडेल ना?" असं विचारतात. हिशोब नेमका उलटा आहे.

दोर निवडताना दोघींपैकी हलकी गाडी धरा, सामान आणि माणसांसकट. तिच्या वजनाच्या दोन ते तीन पट तुटण्याची ताकद हवी. भरलेली जिम्नी साधारण दीड टनाची, म्हणजे ३ ते साडेचार टन. दुकानदार सरसकट ८ टनी गळ्यात मारतो. जास्त दणकट दोर हलक्या गाडीने ताणलाच जात नाही, आणि मग झटका मऊ राहत नाही.

जमेल तिथे मी लोखंडी शॅकलऐवजी दोरीचं सॉफ्ट शॅकल वापरतो. हुकाला धार नसली म्हणजे झालं. लोखंडीच असेल तर पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या, नाहीतर झटक्यानंतर ती जाम होते. क्रेनवर असं केलं असतं तर सुपरवायझरने आई-बाप काढले असते, पण इथलं गणित वेगळं. आणि दोन दोर जोडायचे तर मध्ये शॅकल कधीच नको. एकाचा फास दुसऱ्यातून ओवा आणि गाठ आवळू नये म्हणून आत रद्दी पेपरची घट्ट सुरळी सरकवा.

एवढं होईपर्यंत बाकीच्यांनी फावडी चालवलेली असली पाहिजेत. पोरांना याचाच कंटाळा. गाडीचं पोट टेकलं असेल तर तुम्ही गाडी ओढत नाही, जमीन नांगरता. चारही चाकांपुढची माती काढून उतार करा, पोटाखालचा चिखल उपसा, चाकांखाली दगड किंवा फांद्या सारा. टायरची हवा ३० वरून १८ वर आणा. दहातल्या निम्म्या गाड्या इथेच स्वतःच्या पायाने बाहेर येतात आणि माझा दोर कोरडा घरी जातो. मला त्यातच समाधान.

तरीही दोर लागलाच, तर दोन्ही गाड्या शक्यतो एका रेषेत उभ्या करा आणि रुतलेल्या गाडीचं स्टिअरिंग सरळ ठेवा. गाड्यांत फक्त ड्रायव्हर. बाकी सगळे बाजूला, दोराच्या दीडपट लांब. ९ मीटरच्या दोराला मी १५ मीटर धरतो. दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही नाही. मोबाइलवाला नेमका तिथेच उभा राहतो, त्याला आधी हाकला. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका. त्याने उसळी थोडी मरते, पण त्याच्या भरवशावर जवळ थांबू नका.

इशारे आधी ठरवा. क्रेनवर आमचे खलाशी 'आरिया' म्हणाले की माल खाली, एवढं पक्कं. इथे इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून आमचे तीन हॉर्न म्हणजे थांब, मग काहीही होवो.

पहिली ओढ ढील न ठेवता, फोर-लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर), दुसरा गिअर, हळू. निघाली तर निघाली. नाही निघाली तर दोन मीटरभर ढील नागमोडी टाका आणि चालत्या माणसाच्या वेगाने निघा. रुतलेल्या गाडीवाल्याने दोर ताणल्याचं जाणवलं की गिअरमध्ये हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, चाकं भिरभिरवायची नाहीत. वेगाचा मोह आवरा. ताशी १० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढीत तीच गाडी सव्वा फूट वर उचलली जाईल. २० केलात तर पाच फूट. वेग दुप्पट, दणका चौपट. पाच फुटांवरून गाडी टाकली तर हुकाचं काय होईल, एवढं डोळ्यांसमोर आणा.

तीन झटक्यांत हलली नाही तर थांबा आणि पुन्हा फावडं घ्या. दोरालाही उसंत लागते. लागोपाठ ताणला तर तो तापतो आणि आखडून मूळ लांबीवर यायला त्याला वेळ मिळत नाही. गाडी निघाल्यावर पुढची थोडी मागे घेऊन दोर सैल करा, दोन्ही हँडब्रेक ओढा, मगच शॅकलला हात लावा.

उलवे-गव्हाणकडच्या खाजणात मात्र मला बोलावू नका. कांदळवनात गाडी घालायचीच नसते, आणि तिथला गाळ थांग लागू देत नाही. खाचरांचंही तसंच. लावणी झालेल्या खाचराचा बांध तुमच्या चाकाने फुटला तर वरचं पाणी खालच्याच्या रोपांवर जातं. गेल्या जुलैमध्ये गाडी काढायला मला वीस मिनिटं लागली आणि बांध परत घालायला पोरांना दीड तास. शेतकरी भाऊ शेवटचं ढेकूळ बसेपर्यंत छत्री घेऊन उभे होते, आणि मी त्यांच्या बाजूला.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्याने धुवा, साबण नको. आत शिरलेली रेती धाग्यांना आतून कापत राहते. गॅलरीत सावलीत वाळवा, कारण ऊन नायलॉन खातं, आणि पूर्ण सुकेपर्यंत पुन्हा वापरू नका. ओलं नायलॉन कमकुवत असतं. वाळताना हातावरून फूट-फूट सरकवत बघा: कुठे काप, कुठे वितळून कडक झालेला ठिपका, कुठे उसवलेले धागे. असं काही सापडलं तर दोर मधोमध कापून टाका. साइटवर निकामी बेल्ट आम्ही असाच कापायचो, नाहीतर भंगारातून उचलून कुणीतरी परत लावतोच. माझ्या पहिल्या दोराच्या एका तुकड्याने आता गॅरेजचं फाटक बांधलेलं असतं आणि दुसऱ्याने मुलाचा कुत्रा.