गर्ल स्काउट गोल्ड अवॉर्ड आणि स्कॉलरशिप: लेक नववीत जायच्या आधी हे वाचा

दरवर्षी इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाईनीत उभी असताना कुणीतरी आई मला गाठतेच. मुलगी बारावीत गेलीय, बालवाडीपासून गर्ल स्काउट आहे, विकायच्या कुकीजचे खोके उचलून उचलून आमचं कंबरडं मोडलं, आता त्या गोल्ड अवॉर्डवर कॉलेजला काही पैसे मिळतील का हो? मिळू शकतात, पण हा प्रश्न बारावीच्या सप्टेंबरात नाही तर आठवी संपताना विचारायचा असतो. आमच्या लेकीचं सगळं उरकून दोन वर्षं झाली, त्यात आमचं जे चुकलं आणि जे जमलं ते एकदाच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वर्षी मला मोदक गरम असताना खाता येईल.

पहिली गोष्ट, गोल्ड अवॉर्ड हा गर्ल स्काउट्स या मुलींच्या संस्थेचा सगळ्यात वरचा पुरस्कार, तो म्हणजे स्कॉलरशिप नाही. अवॉर्डबरोबर पिन मिळते, सर्टिफिकेट मिळतं, समारंभ होतो, चेक मिळत नाही. स्कॉलरशिपचे अर्ज वेगळे, त्यांच्या तारखा वेगळ्या, निबंध वेगळे. आमच्या ओळखीत दोन घरी अवॉर्ड मिळाल्यावर पैसे आपोआप येतील म्हणून वाट बघत बसले आणि तेवढ्यात सगळ्या तारखा निघून गेल्या.

पायऱ्या पटकन सांगते. चौथी-पाचवीच्या मुली ज्युनिअर, त्यांचा ब्रॉन्झ अवॉर्ड, तो सगळ्या मिळून करतात, साधारण २० तास. सहावी ते आठवी कॅडेट, त्यांचा सिल्व्हर, एकटीने किंवा छोट्या ग्रुपमध्ये, ५० तास. नववी ते बारावीत सीनिअर आणि ॲम्बॅसडर, तिथे गोल्ड, तो मात्र एकटीनेच करायचा आणि किमान ८० तास धरून चालायचं. ८० भरले की अवॉर्ड मिळाला असं नाही हं, ते तास नुसता अंदाज म्हणून असतात, बघतात ते काम. माझ्या लेकीच्या वेळी गोल्डच्या आधी दोन जर्नी (संस्थेने ठरवून दिलेल्या उपक्रमांच्या मालिका) पूर्ण कराव्या लागायच्या, किंवा सिल्व्हर झाला असेल तर एकच, त्यामुळे सिल्व्हर केलेल्या मुलींचं एक ओझं कमी व्हायचं. या अटी बदलत राहतात, म्हणून मैत्रिणीच्या ताईने काय केलं ते ऐकत बसू नका, आपल्या काउन्सिलच्या, म्हणजे संस्थेच्या आपल्या भागातल्या शाखेच्या, साईटवरचं या वर्षीचं पत्रक उघडा. आणि लहानपणी स्काउट नसलेली मुलगी नववी-दहावीत पहिल्यांदा नाव घालून थेट गोल्डच्या मागे लागू शकते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

थोडा इतिहास लेकीला माहीत असू दे, मुलाखतीत उपयोगी पडतो. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावात १८ मुलींना घेऊन हे सुरू केलं. सगळ्यात वरचा अवॉर्ड १९१६ पासून आहे पण नाव बदलत गेलं, मधे तो गोल्डन ईगलेट होता, मग कर्व्ह्ड बार, १९६३ पासून फर्स्ट क्लास आणि १९८० पासून गोल्ड. आमच्या मुलाखतीत समोरच्या आजी म्हणाल्या, मी फर्स्ट क्लास होते, आणि लेकीने लगेच ओळखलं की म्हणजे याच अवॉर्डच्या, त्या एवढ्या खूश झाल्या की पुढची दहा मिनिटं त्याच बोलत होत्या.

ईगल स्काउटशी गल्लत करू नका. ईगल हा वेगळ्या संस्थेचा सगळ्यात वरचा मान, ती संस्था म्हणजे पूर्वीचे बॉय स्काउट्स, आताचं नाव स्काउटिंग अमेरिका. तिथे २०१९ पासून मुलींचेही ट्रूप (गट) आहेत आणि २०२१ मध्ये ईगल झालेल्या मुलींची पहिली तुकडी निघाली. २१ मेरिट बॅजेस (एकेका कौशल्याचे बिल्ले), वेगळा प्रोजेक्ट, वेगळ्या स्कॉलरशिप. मुलीला कॅम्पिंगची खूप आवड असेल तर तो रस्ता बघा, पण दोन्ही एकदम करायला लावू नका, पोरीला झोपही लागते.

आता मुख्य काम, विषय निवडणं. आमचा पहिला प्रस्ताव परत आला होता. लेकीला सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेला पुस्तकं पाठवायची होती, इथे गोळा करायची, खोके भरायचे, पाठवून द्यायचे. मलाही ते फार छान वाटलं होतं, डोळ्यात पाणीबिणी. काउन्सिलच्या कमिटीने दोन प्रश्न विचारले, पुढच्या वर्षी तू कॉलेजला गेल्यावर हे कोण करणार, आणि त्या शाळेत पुस्तकं का नाहीत? दोन्हींची उत्तरं नव्हती. वस्तू गोळा करून वाटणं हे पुण्यकर्म आहे पण गोल्डचं काम नाही. प्रश्नाच्या मुळाशी जायचं, तू निघून गेल्यावरही ते चालू राहायला हवं, किती फरक पडला ते मोजता यायला हवं, आणि तुझ्या गावचा प्रश्न बाकी देशात किंवा जगात कसा दिसतो ते सांगता यायला हवं, या चार चाळण्यांतून विषय गेला पाहिजे.

दुसरा विषय घरातच सापडला. माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते आणि आम्ही दोघं ऑफिसात असताना बाबांना चक्कर आली, आईंना ९११ (इथला इमर्जन्सी नंबर) लावायची भीती वाटली कारण इंग्लिशमध्ये काय बोलायचं? नशिबाने काही झालं नाही, पण लेक म्हणाली की आपल्या टाउनमध्ये असे किती आजी-आजोबा असतील. मग तिने टाउनशिपच्या सीनिअर सेंटरमध्ये (ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात) वर्ग घेतले. फोन लावला की आधी भाषेचं नाव सांगायचं आणि दुभाषा मागायचा, पत्ता इंग्लिशमध्ये पाठ करायचा, औषधांची यादी फ्रिजवर लावायची. मराठी, गुजराती, तेलुगू, मँडरिन अशी कार्डं केली. वर्गाआधी आणि नंतर त्याच पाच प्रश्नांची चिठ्ठी भरून घेतली, म्हणजे फरक मोजता आला. आणि जाताना सगळं साहित्य सेंटरच्या ताब्यात दिलं, त्यांची माणसं आता दर सीझनला वर्ग घेतात. झाल्या की नाही चारही चाळण्या.

क्रम असा असतो: विषय निवड, माहिती काढ, मदतीला माणसं गोळा कर, प्लॅन लिही, काउन्सिलपुढे मांड, मग काम, आणि शेवटी लोकांना सांग. यातली मेख ही की मंजुरी मिळायच्या आधी केलेलं काम धरत नाहीत. उत्साहात उन्हाळ्यात वर्ग घेऊन टाकले आणि प्रस्ताव ऑक्टोबरात दिला तर ते तास गेले पाण्यात. बहुतेक काउन्सिलमध्ये आधी गोल्डचं एक ट्रेनिंगही असतं, ते नववीतच उरकून टाका.

सल्लागार आईबाबा नसतात, ट्रूप लीडरही नसतात. विषयातलं जाणकार माणूस लागतं. लेकीने रेस्क्यू स्क्वॉडमधल्या (आपत्कालीन मदत पथकातल्या) एका स्वयंसेवक काकूंना स्वतः ईमेल करून विचारलं, पहिल्या दोघांनी उत्तरच दिलं नव्हतं. इथे आपल्या आयांना फार त्रास होतो. मला झाला. मी रात्री दोन वाजता तिचं एक्सेल सरळ करत बसले होते आणि नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. कमिटीसमोर मुलगी एकटी बसते हो, आईने केलेलं काम दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

पैशांचे नियम कडक आहेत. गर्ल स्काउटच्या नावाखाली दुसऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करता येत नाहीत, त्यामुळे कॅन्सरसाठी फंडरेझर वगैरे विषय बाद. बाबांच्या कंपनीकडे किंवा मंडळाकडे मुलीने पैसे मागायला जायच्या आधी काउन्सिलला विचारा. कुकीजचे पैसे ट्रूपचे असतात, एकट्या मुलीचे नाहीत, आमच्या ट्रूपने सगळ्या मुलींची मतं घेऊन छपाईचा खर्च दिला.

आता ज्यासाठी हे सगळं वाचताय ते. तारीख उलटी मोजा. गोल्ड पूर्ण करायची शेवटची मुदत साधारण बारावी संपल्यावरच्या सप्टेंबरअखेरची असते, ते वाचून लोक निवांत बसतात. पण स्कॉलरशिपचे अर्ज बारावीच्या हिवाळ्यात जातात आणि तेव्हा अवॉर्ड हातात असावा लागतो. म्हणजे अंतिम रिपोर्ट अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात गेला पाहिजे, काम दहावीत सुरू झालं पाहिजे, विषय नववीत ठरला पाहिजे. एसएटी, एपी या परीक्षा आणि ड्रायव्हिंग या सगळ्यातून वेळ काढायचा आहे हेही धरा.

पैसे कुठे शोधायचे? आधी आपली काउन्सिल, तिथे स्पर्धा सगळ्यात कमी. मग राष्ट्रीय संस्थेची गोल्ड अवॉर्ड स्कॉलरशिप, ती प्रत्येक काउन्सिलमधून एका मुलीला मिळते. पूर्वी देशभरातून दरवर्षी १० जणींना नॅशनल गोल्ड अवॉर्ड गर्ल स्काउट म्हणूनही निवडायचे, तिथे कामाचा आवाका फार मोठा लागायचा. माजी सैनिकांची व्हीएफडब्ल्यू ही संघटना स्काउट ऑफ द इयर निवडते, ५,०००, ३,००० आणि १,००० डॉलरची तीन बक्षिसं, गोल्डवाल्या मुली पात्र असतात, अर्ज गावातल्या पोस्टमार्फत जातो आणि मुदत १ मार्चची. हे पोस्ट म्हणजे टपाल ऑफिस नाही, त्यांची शाखा, आमच्या ह्यांनी आधी तोच घोळ घातला होता. काही कॉलेजंही गोल्डवाल्या मुलींना स्वतःहून काही रक्कम देतात, पण साईटवर ते कुठेतरी कोपऱ्यात असतं, ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून सरळ विचारा. रोटरी, क्रेडिट युनियन, टाउनशिप यांच्या ५००-१,००० च्या छोट्या स्कॉलरशिपना नाक मुरडू नका, आमच्या लेकीला मिळाल्या त्या अशाच तीन.

व्हिसावाल्यांनी हे नीट वाचा. गर्ल स्काउट व्हायला आणि गोल्ड मिळवायला नागरिकत्व लागत नाही. पण बऱ्याच स्कॉलरशिपना सिटिझन किंवा ग्रीनकार्ड अशी अट असते, आणि एच-फोरवरच्या (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलींना सरकारी फेडरल मदत मिळत नाही, म्हणून निबंध लिहायला बसायच्या आधी पात्रतेचा परिच्छेद वाचा. गोल्ड असलेल्या मुलीला सैन्यात भरती होताना एक रँक वरून सुरुवात मिळते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खरं आहे, पण भरतीलाही निदान ग्रीनकार्ड लागतं.

कागद पहिल्या दिवसापासून ठेवा. एक फोल्डर, त्यात तारीख, किती तास, काय केलं, कोण होतं. फोटो, पण माणसांची परवानगी घेऊन. आलेले ईमेल. आणि रोज दोन ओळी, आज काय बिघडलं. ह्या शेवटच्या ओळी सोन्याच्या निघतात, कारण कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा प्रवेशाचा एकच अर्ज) एका ॲक्टिव्हिटीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं असतात, तिथे आकडे घालायचे, आणि निबंधात बिघडलेलं लिहायचं. लेकीने लिहिलं की पहिल्या वर्गाला चारच जण आले आणि त्यातले एक गुजराती आजोबा खेळण्यातल्या फोनवर ९११ लावून तिच्याशी क्रिकेटवर बोलत बसले, मग तिने वर्गाची वेळ बदलून सेंटरच्या जेवणानंतरची केली. समाजसेवेने मला घडवलं वगैरे लिहू देऊ नका, वाचणाऱ्याने त्या दिवशी तसे चाळीस वाचलेले असतात.

शिफारसपत्र सल्लागाराकडून घ्या, आणि काम ताजं असताना घ्या, दीड वर्षाने त्यांना तरी काय आठवणार.

आणि पैसे मिळाले की कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारा की बाहेरची स्कॉलरशिप आली तर तुम्ही तुमची मदत कमी करणार का. काही कॉलेजं करतात. करत असतील तर ग्रँटऐवजी (परत न करायच्या मदतीऐवजी) लोन किंवा वर्क-स्टडी (शिकताना करायचं पगारी काम) कमी करा अशी विनंती करता येते, आमचं ऐकलं. टॅक्सचंही बघा, कॉलेजची ट्यूशन फी, इतर सक्तीची फी आणि सक्तीच्या पुस्तकांवर खर्च केलेली रक्कम करमुक्त, राहण्या-जेवणावर केलेली नाही. बरेचसे चेक थेट कॉलेजच्या नावाने येतात आणि त्यासाठी ॲडमिशनचा पुरावा पाठवावा लागतो, तो राहिला म्हणून आमचा एक चेक ऑक्टोबरपर्यंत अडकला होता.